गावाच्या गायरानासाठी कुठली सरकारी योजना मिळेल? आधी शेळ्यांचं ठरवा, मग अर्ज करा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं गाव, गावाला ११० एकर गायरान, सगळा उघडा माळ, पायथ्याच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात. तुम्ही दहा-बारा पोरं एकत्र आलाय आणि विचारताय की माळावर चर खोदायला, झाडं लावायला कुठली स्कीम मिळेल, अर्ज कुठं करायचा, आणि खालच्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीला पैसे मिळतील का. गावात एक जण म्हणतो संस्थेशिवाय होत नाही, दुसरा म्हणतो सरळ आमदारांना निवेदन द्या.

मी गेली २३ वर्षं पाणलोटाच्याच, म्हणजे पावसाचं पाणी आणि माती अडवायच्या कामात आहे, पारनेर-संगमनेर-पाथर्डी या पट्ट्यात जास्त, थोडं तुमच्या बाजूलाही. काही गावं उभी राहिलेली बघितली, काही गावांत पैसे येऊन गेले आणि माळ होता तसाच राहिलेला बघितला. दोन्हीकडं योजना बऱ्याचदा एकच होती, अधिकारीही एकच. म्हणून योजनांची नावं खाली देतो, पण आधी दुसरं बोलू.

तुमचा खरा प्रश्न पैशाचा नाहीये. पैसा मिळेल, उशिरा मिळेल, पण मिळेल. खरे प्रश्न तीन आहेत: ती जमीन कागदावर कुणाची आहे, आज तिच्यावर कोण जगतंय, आणि चौथ्या वर्षी चरातला गाळ कोण काढणार. या तिन्हीची उत्तरं गावागावानुसार बदलतात, तुमच्या गावाची मला इथून देता येणार नाहीत, पण शोधायची कशी ते सांगतो.

पहिलं कागदाचं. तलाठ्याकडून गायरानाच्या प्रत्येक गट नंबरचा सातबारा काढा, आणि गावाचा नकाशाही घ्या. गायरानाची मालकी सरकारची असते, ग्रामपंचायतीकडं असते ती व्यवस्था, हे पोरांना आधी नीट समजावून सांगा, कारण 'आपलं गायरान' म्हणता म्हणता लोक कुंपणं घालायला लागतात. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो, त्यात काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. कुठं 'वन' असा शब्द दिसला तर विषय पूर्ण वेगळा होतो, तो पुढं सांगतो. तलाठ्याकडं अतिक्रमणाची नोंदवहीही असते, गाव नमुना १-इ, ती बघायला मागा. आणि अलीकडं एक नवीन गोष्ट तपासावी लागते: २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सोलर प्लँटसाठी सरकारी जमिनी घेताहेत, त्यात बऱ्याच गावांची गायरानं गेली. तुमचा गट त्या यादीत गेला असेल आणि तुम्ही तिथं श्रमदान करून चर खणलेत तर फार वाईट वाटेल, म्हणून आधी तहसीलला लेखी विचारा आणि पोच घ्या.

गायरान वाचवायच्या बाजूनं तुमच्या हातात काय आहे? सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग खटल्यातला २८ जानेवारी २०११ चा निकाल, आणि त्यावरून महाराष्ट्र शासनाचा १२ जुलै २०११ चा जीआर, की गायरान आणि गावाच्या सामायिक वापराच्या जमिनी दुसऱ्या कामाला द्यायच्या नाहीत, फारच सार्वजनिक गरज असली आणि दुसरी जमीनच नसली तर गोष्ट वेगळी. हा जीआर प्रिंट काढून फाईलला लावून ठेवा.

पण इथंच एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मराठवाड्यात गायरान म्हटलं की नुसतं गवत नसतं. भूमिहीन दलित कुटुंबं, पारधी, इतर भटकी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या गायरान कसून खातात, त्यासाठी मार खाल्लाय, कोर्टकचेऱ्या केल्यात. एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून हा लढा तुमच्याच जिल्ह्यात उभा केला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमानुकूल करायचा शासनाचा १९९१ चा निर्णयही आहे. तेव्हा तुमच्या ११० एकरातले दहा-पंधरा एकर कुणी कसत असेल तर 'अतिक्रमण हटाव' म्हणून पर्यावरणाचं काम सुरू करू नका. ती कुटुंबं तुमच्या नकाशात हक्कदार म्हणून आधी काढा, त्यांच्या रानाला बांधबंदिस्ती सगळ्यात पहिली करा, आणि मग उरलेल्या माळाचं बोला. मी असं एक काम सोडून दिलं होतं, कारण गावाला झाडांच्या नावाखाली सात घरं उठवायची होती. त्या कामाला निधी मंजूर होता. सोडल्याचं आजही बरं वाटतं.

आता दुसरं, चराईचं. मला वाटतं तुमचं काम इथंच ठरणार आहे, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

पाथर्डीच्या बाजूचं एक गाव, नाव नको. ग्रामसभेत चराईबंदी, कुऱ्हाडबंदीचा ठराव एकमतानं झाला. पावसाळा बरा झाला, चर भरले, गवत गुडघ्याच्या वर गेलं, आम्ही सगळे खूश. दिवाळीनंतर एका रात्रीत चाळीस एकर गवत जळालं, लावलेली रोपं पण गेली. कुणी पेटवलं ते कळलं नाही, मी शोधलंही नाही. त्यापेक्षा शेळ्या असणाऱ्या घरांच्या दारात जाऊन बसलो. १८ घरं होती, सगळ्यांच्या मिळून तीनशेच्या आसपास शेळ्या, आणि त्या १८ घरांतलं एकही माणूस ठरावाच्या ग्रामसभेला नव्हतं. का, तर ग्रामसभा सकाळी अकराला, आणि अकराला ही माणसं शेळ्या घेऊन माळावर. एकमत झालं होतं, पण ज्यांचं पोट त्या माळावर होतं त्यांना सोडून झालं होतं. एका आजीनं खुंट्याला बांधलेल्या सात शेळ्या दाखवल्या, एकेकीचं नाव सांगितलं, म्हणाली, "हिच्यावर नातीचा दवाखाना झाला, ह्या तांबडीवर दिवाळी. तुमचं झाड मोठं व्हायला धा वर्सं. तवर म्या काय झाडाला दूध मागू का?"

त्यानंतर आम्ही परत बसलो, रात्री आठला, शेळ्या घरी आल्यावर, आणि ग्रामपंचायतीत न बसता त्यांच्याच वस्तीवर. ठरलं ते असं: माळाचे तीन भाग. एक भाग तीन पावसाळे पूर्ण बंद, बाकीचे दोन उघडे. पहिल्या भागात गवत आणि झाडं वर आली की तो उघडायचा आणि दुसरा बंद करायचा. बंद भागातलं गवत विळ्यानं कापून डोक्यावर न्यायला पहिला हक्क भूमिहीन आणि शेळीवाल्या घरांचा, बाकीच्या गावाचा नंतर. राखणदार त्याच घरांतला, आणि त्याचा पगार गावाच्या वर्गणीतून. आणि उघड्या भागात जनावरांना पाण्याचा एक हौद, जो आधी कधीच नव्हता. परत आग लागली नाही. आजी राखणदाराच्या आधी माळावर असायची, बाहेरची जनावरं आली तर तिचाच आवाज पहिला यायचा.

हिवरे बाजारनं चराईबंदी यशस्वी केली ती आपण सगळे ऐकतो, पण तिथंही गवत कापून न्यायला मुभा होती, आणि १९८९ पासून पोपटराव पवारांसारखा माणूस वर्षानुवर्षं मागं लागलेला होता. सगळी गावं हिवरे बाजार नसतात. तुमच्याकडं एकदम ११० एकर बंद करू नका. आणि बाहेरून येणाऱ्या धनगरांच्या कळपांचा रस्ता तुमच्या माळावरून जात असेल तर ते यायच्या आधीच त्यांच्याशी बोला, वाट ठेवा, कुठं थांबायचं ते सांगा. ती माणसं ऐकतात, फक्त आल्यावर काठी घेऊन उभं राहायचं नाही.

आता माळावर नेमकं काय करायचं. आमच्याकडं म्हणतात 'माथा ते पायथा', म्हणजे काम माथ्यापासून सुरू करून खाली यायचं. हिशेब साधा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. तुमचं गायरान ४४ हेक्टर धरू, पाऊस ५०० मिलिमीटर धरू, तर वर्षाला २२ कोटी लिटर पाणी नुसत्या तुमच्या माळावर पडतंय, दहा हजार लिटरचे २२ हजार टँकर. सगळं अडवता येत नाही, अडवायचंही नसतं, खालच्या गावाचाही त्यावर हक्क आहे. पण आज ते पाणी माती घेऊन पळतंय, ते चालत गेलं पाहिजे.

त्यासाठी सलग समतल चर, ज्याला सगळे सीसीटी म्हणतात. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, म्हणजे एका मीटरला १८० लिटर. हेक्टरी ८०० मीटर चर धरला तर एका भरण्यात १ लाख ४४ हजार लिटर, म्हणजे वाहून जाणारं १४ मिलिमीटर पाणी तिथंच थांबतं, जिरतं, आणि पुढच्या पावसाला चर परत रिकामा. शब्दांत 'समतल' आहे तो महत्त्वाचा. दोन लाकडी पट्ट्या, मध्ये पारदर्शक नळी, नळीत पाणी, दोन्हीकडं पाण्याची पातळी सारखी आली की ते दोन बिंदू एका उंचीवर, तिथं फक्की, म्हणजे खुणेची पांढरी पूड टाकायची आणि पुढं जायचं. याला हायड्रोमार्कर म्हणतात, पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमुळं २०१६ ते २०१९ मध्ये हजारो गावकऱ्यांना हे येतं झालं, तुमच्या आसपास कुणाला तरी नक्की येत असेल, त्याला एक दिवस बोलवा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी रेघ चुकते, एवढं फक्त बघा. सकाळी ऊन चढायच्या आत रेघ मारा, वाऱ्यात फक्की उडते.

रेघ चुकल्यावर काय होतं तेही सांगतो. एका ठिकाणी मार्चअखेरचं टार्गेट होतं, एका कार्यालयाला खर्च दाखवायचा होता, जेसीबी लावून अंदाजानं चर ओढले, आम्ही नको म्हणत होतो पण आमचं चाललं नाही. जूनमध्ये एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला, सगळं पाणी चरातून एका टोकाला धावलं, तिथं फुटलं, आणि खालच्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या रानात कमरेएवढी घळ पडली, वर सगळा मुरूम पसरला. दोन एकर रान त्याचं अजून नीट झालेलं नाही. चर नसता तर त्याचं एवढं नुकसान झालं नसतं. तेव्हापासून समतल रेषा मी स्वतः चालून बघितल्याशिवाय खोदाईला हो म्हणत नाही.

चरांच्या खाली ओघळीत अनगड दगडी बांध, म्हणजे न घडवलेले दगड नुसते रचून केलेला बांध, त्याच्या खाली शेतात बांधबंदिस्ती, आणि नाल्यातली कामं सगळ्यात शेवटी. लोकांना घाई नाल्याची असते कारण तिथं पाणी साठलेलं दिसतं, फोटो येतो. २०१४ च्या डिसेंबरपासून जलयुक्त शिवारमध्ये नाला खोलीकरणाची खूप कामं झाली, काही चांगली झाली, पण वरचा माळ उघडा ठेवून खाली खोल केलेला नाला दोन-तीन पावसाळ्यांत गाळानं भरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शिवाय आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे, त्याच्या पोटात पाणी साठवायला जागाच फार कमी, एक ते तीन टक्के. पाणी लवकर चढतं आणि लवकर उतरतं. नाला किती खोल करायचा ते सरकारच्या भूजल खात्यातल्या माणसांना विचारल्याशिवाय ठरवू नका, नाहीतर जवळच्या विहिरीचं पाणी उलट नाल्यात येतं.

झाडांच्या आधी गवत. पवन्या, मारवेल, हमाटा यांचं बी चरावरच्या मातीच्या भरावावर टाका. झाडं लावताना बोर, हिवर, बाभूळ, कडुनिंब, आपटा, करंज, सीताफळ. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही, हा मोठा फायदा. गिरिपुष्पासारख्या भराभर वाढणाऱ्या एकाच झाडाची हिरवळ करून फोटो काढू नका. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्यानं असायलाच हवी, कागदावर असेलही, तिला जागं करा, म्हाताऱ्या माणसांकडून माळावर पूर्वी काय काय होतं ते लिहून घ्या.

हां, आता योजना. आधी एक फरक समजून घ्या: काही योजनांत माणूस स्वतः अर्ज करतो, काहींत गाव ठराव करून मागतं, आणि काहींत गाव वरून निवडलेलं असतं, तिथं तुम्ही कितीही अर्ज करा, यादीत नाव नसेल तर नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात हाताशी आहे ती रोजगार हमी. ७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानंच ही सुरू केली, १९७७ साली कायदा केला, आणि माती-पाण्याचीच कामं तिच्यात मुख्य. चर, दगडी बांध, रोपवन, रोपांची तीन वर्षांची राखण, हे सगळं तिच्यात बसतं. मजुरी ६० टक्के आणि साहित्य ४० टक्के हे प्रमाण आजवर चालत आलंय, आणि माळावरच्या कामात साहित्य जवळपास लागतच नाही, त्यामुळं प्रमाणाची अडचण येत नाही. कामं ग्रामसभेत ठरवून आराखड्यात घालावी लागतात, आराखड्यात नसलेलं काम निघत नाही. नियम, दर बदलत असतात, तालुक्याला ग्रामरोजगार सेवकाबरोबर जाऊन आजची स्थिती विचारा. अडचण एकच, मजुरी उशिरा पडते. एका गावात चार महिने पडली नाही, बायका माझ्या अंगणात येऊन बसायच्या, माझ्याकडं उत्तर नसायचं. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा की पैसे उशिरा येऊ शकतात, आणि हजेरीची झेरॉक्स स्वतःकडं ठेवा.

दुसरं, केंद्राची पाणलोट योजना, प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतला पाणलोट घटक २.०. यात मैदानी भागाला हेक्टरी २२ हजार आणि डोंगराळ-अवघड भागाला २८ हजार रुपये असा दर आहे, पण ती गावांचा समूह घेऊन होते, एकट्या गावाला अर्ज करून मिळत नाही. तुमचं गाव अशा प्रकल्पात आहे का ते तालुका कृषी कार्यालयात किंवा मृद व जलसंधारणच्या ऑफिसात विचारा. तसंच जलयुक्त शिवार २.०, जी २०२३ ला सुरू झाली, त्यातही गावनिवड आहे. आणि पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, वर्ल्ड बँकेच्या कर्जातून २०१८ पासून, पहिल्या टप्प्यात पाच हजारांवर गावं होती. तुमचं गाव यादीत असेल तर खूप सोपं होतं, कारण सामुदायिक मृदसंधारण आणि शेतकऱ्याचं वैयक्तिक अनुदान दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं.

तिसरी वाट, नाबार्डचा पाणलोट विकास निधी आणि राज्याची आदर्श गाव योजना. दोन्हींत एक संस्था बरोबर लागते, म्हणजे तुमच्या गावातल्या माणसाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, रोजगार हमीला संस्था लागत नाही, इथं लागते. आदर्श गाव योजनेला सप्तसूत्री पाळायचा ग्रामसभेचा संकल्प लागतो: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान, लोटाबंदी (म्हणजे उघड्यावर शौचाला बंदी), बोअरवेलबंदी. हे सगळं एका ठरावात लिहिणं सोपं आहे, म्हणूनच वर चराईचं एवढं लांबवून सांगितलं. ठराव करायच्या आधी शेळीवाल्यांबरोबरची रात्रीची बैठक झालेली असू द्या.

आणि वर म्हटलं तसं, गटाच्या कागदावर वन निघालं तर २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो, ज्यात जंगल राखायचा आणि वापराचे नियम करायचा हक्क ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला, आणि त्यांनी बांबू विकून गाव चालवून दाखवलं. पण आदिवासी नसलेल्या कुटुंबांना ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा लागतो, हे बीडमध्ये अवघड जातं. अवघड आहे म्हणून सोडू नका, फक्त त्याच्यासाठी गवताचं काम थांबवू नका.

आमदारांच्या निवेदनाबद्दल: द्या, त्यात वाईट काही नाही, फायली हलतात. पण निवेदनाबरोबर नकाशा, सातबारे आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. नुसत्या निवेदनावर बऱ्याचदा एखादा सिमेंट बंधारा मंजूर होतो, आणि तुम्हाला हवा होता माळ.

सेंद्रिय शेतीचं. परंपरागत कृषी विकास योजना आहे, २०१५-१६ पासून, २० हेक्टरचा गट, तीन वर्षं, आणि प्रमाणपत्र पीजीएस पद्धतीचं, म्हणजे गटातले शेतकरी एकमेकांची तपासणी करतात. केंद्राचं नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियानही २०२४ च्या अखेरीस मंजूर झालंय. कृषी सहायकाला सांगून गट बांधता येतो, पैसे थोडे असतात, ते थेट खात्यावर येतात. ठिबकाला महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर वैयक्तिक अर्ज, राज्याचा वाटा धरून लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे.

पण मला इथं एक जोड दाखवायची आहे जी बऱ्याच प्रकल्पांत सुटते. सेंद्रिय शेतीला शेणखत लागतं. शेणखत जनावरांकडून येतं. जनावरं वैरणीवर जगतात, आणि तुमच्या गावात गरिबाची वैरण गायरानावर आहे. तुम्ही गायरान एकदम बंद केलंत, शेळ्या-गाई विकल्या गेल्या, तर तीन वर्षांनी तुमचा सेंद्रिय गट बाजारातून सेंद्रिय खताच्या गोण्या विकत आणताना दिसेल. मी असा गट बघितलाय, योजना संपली त्या वर्षी सगळे परत युरियावर आले. उलट एका गावात राखलेल्या माळाचं गवत वाढलं, घरटी एक गाय जास्त बांधली गेली, उकिरडे परत दिसायला लागले, आणि शेतकरी उन्हाळ्यात पूर्वीसारखे पैसे देऊन, धान्य देऊन धनगरांची मेंढरं रानात बसवायला लागले. तिथं प्रमाणपत्र कुणी घेतलं नाही, पण ज्वारीच्या रानात गांडुळं दिसायला लागली.

दुसरी जोड पाण्याची. माळावर पाणी जिरलं की विहिरींना दोन महिने जास्त पाणी राहील, आणि त्या दोन महिन्यांच्या भरवशावर कुणीतरी ऊस लावेल, कुणी पाचशे फुटांचं बोअर घेईल. हे होणारच, प्रत्येक गावात झालं. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई आहे, पण कायदा राबवायला कुणी येत नाही, गावालाच ठरवावं लागतं. हिवरे बाजारनं शेतीच्या बोअरला, उसाला, केळीला बंदी केली आणि दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला, त्यावर रब्बीत काय घ्यायचं ते ठरवलं. त्याच्याही आधी, १९७४ पासून, विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमध्ये नायगावला पाणी पंचायत उभी केली, तिथला नियम मला सगळ्यात न्याय्य वाटतो: पाणी जमिनीच्या एकरावर न देता घरातल्या माणसांवर द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. श्रमदानाला भूमिहीन माणूस का येईल, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर तेच आहे. तुम्ही पाणी यायच्या आधी हा नियम लिहून घ्या. पाणी आल्यावर कुणी सही करत नाही.

आणि तिसऱ्या प्रश्नाचं, चौथ्या वर्षीच्या गाळाचं. प्रत्येक कामाचं मोजमाप स्वतःच्या वहीत ठेवा, लांबी-रुंदी-खोली, तारीख, फोटो, कारण सरकारी एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत काय लिहिलंय ते तुम्हाला सोशल ऑडिटमध्येच, म्हणजे गावासमोर होणाऱ्या तपासणीतच कळेल. मशीन घेऊन आपणहून दारात आलेल्या ठेकेदाराला नमस्कार करून परत पाठवा. आणि पहिल्याच वर्षापासून देखभालीचं वेगळं खातं उघडा, गवताच्या भाऱ्यामागं पाच रुपये, विहीर असणाऱ्यानं वर्षाला थोडे जास्त. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदानाची अट होती, आम्हाला सुरुवातीला ती जाचक वाटायची, पण ज्या गावांनी स्वतः घाम गाळला तीच गावं आज चर साफ करतात.

म्हणजे तुमचा क्रम साधारण असा लावा: या महिन्यात सातबारे, नकाशा, तहसीलचं लेखी उत्तर. मग शेळीवाल्यांच्या आणि गायरान कसणाऱ्यांच्या वस्तीवर रात्रीच्या दोन-तीन बैठका, अजून कुठलाही ठराव न करता. मग ग्रामसभा, तीन भागांचा नकाशा, पाण्याचा नियम. मग रोजगार हमीच्या आराखड्यात एका भागाचे चर, फक्त एका. बाकीच्या योजनांची चौकशी तोवर चालू राहू द्या, पण त्यांची वाट बघत बसू नका. सेंद्रियचा गट दुसऱ्या वर्षी.

आणि काम सुरू व्हायच्या आधी एक करा. पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा तुम्ही सगळे जण भिजत माळावर जा, पाणी कुठून वाहतं, कुठं लाल होतं, कुठं स्वच्छ राहतं ते बघा आणि नकाशावर पेन्सिलीनं लिहा. त्या एका तासात जे कळतं ते एस्टिमेटमध्ये कुठंच नसतं.

सातबारा निघाला की इतर हक्कात काय लिहिलंय ते इथंच टाका, गावाचं नाव आणि गट नंबर झाकून. त्यावरून पुढची वाट गायरानाची का वनाची ते सांगतो. आणि शेळ्या किती घरांकडं आहेत आणि किती, तेवढा आकडा पण लिहा.